सदतीस कलमं आणि एक सही

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहणारे हे गृहस्थ ७३ वर्षांचे आहेत. सरकारी नोकरीत अभियंता होते आणि नोकरीचा बराचसा काळ कालव्यांच्या कामांवर गेला. पत्नी सहा वर्षांपूर्वी वारली. मुलगा पुण्यात असतो, मुलगी कॅनडात. गेल्या वर्षी त्यांनी वकिलाकडून रीतसर मृत्युपत्र करून घेतलं. त्यात घर, पावणेदोन एकर जमीन, ठेवी आणि पत्नीचे दागिने आले. सही करून बाहेर पडताना त्यांच्या मनात आलं, 'आपलं सगळं आयुष्य एवढ्या अडीच पानांत?' नातवाने त्यांना सांगितलं, की काही लोक पैशाअडक्याचं एक आणि विचारांचं दुसरं अशी दोन मृत्युपत्रं करतात. कल्पना त्यांना इतकी आवडली की दोन महिने बसून त्यांनी चौदा पानं लिहून काढली. एकूण सदतीस कलमं. दिवाळीत मुलगा आला तेव्हा ती वाचून दाखवायला घेतली. नवव्या कलमापर्यंत मुलगा ऐकत होता. मग म्हणाला, "बाबा, हे सगळं तुम्ही आम्हाला चाळीस वर्षं सांगतच आलात की," आणि चहा टाकायला उठला.

त्यांचे प्रश्न दोन. ही चौदा पानं मृत्युपत्राला जोडता येतील का? आणि जो या कलमांप्रमाणे वागेल त्यालाच वाटा, अशी अट घालता येईल का?

पत्राच्या शेवटी, 'जाता जाता' म्हणून, सहा ओळी आहेत. १९९४ साली एका शेतचारीच्या (कालव्याचं पाणी शेतापर्यंत नेणाऱ्या छोट्या पाटाच्या) मोजमाप पुस्तकावर, म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवायच्या वहीवर, त्यांनी न झालेल्या कामाची सही केली. वरून दबाव होता, बदलीची धमकी होती आणि पत्नीचं ऑपरेशन तोंडावर आलं होतं. पैसे घेतले नाहीत. त्यानंतर निवृत्तीपर्यंत, टोकापर्यंत स्वतः चालत जाऊन पाहिल्याशिवाय त्यांनी एकाही मोजमापावर सही केली नाही. हे कोणालाच माहीत नाही, पत्नीलाही नव्हतं. सदतिसातलं पहिलं कलम आहे: 'खोट्या कागदावर सही करू नका.'

---

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा वरून खाली, मग खालून वर. खालून वाचलं तेव्हा जास्त कळलं.

पण आधी तुमच्या मुलाबद्दल. तो उठून गेला हे तुम्हाला लागलंय आणि ते साहजिक आहे. दोन महिन्यांची मेहनत होती. तरी त्याचं वाक्य मला थोडं वेगळं ऐकू आलं. 'चाळीस वर्षं सांगतच आलात' ही तक्रार असेल, पण ती पावतीसुद्धा आहे. माल पोचल्याची पावती. तुम्हीच लिहिलंय, की फ्लॅट घेताना बिल्डरने काही रक्कम रोखीत मागितली, तेव्हा हा मुलगा बुकिंग सोडून परत आला आणि पुढे दोन वर्षं भाड्याच्या घरात राहिला. हे सदतिसातलं कितवं कलम? आणि ते त्याने कोणत्या कागदावर वाचलं होतं?

तुम्ही असं धरून चाललायत की मूल्यं म्हणजे जमीन. सातबाऱ्यावर नाव चढलं नाही, फेरफार झाला नाही, तर वारसाच्या हाती काही लागणार नाही. तसं असतं तर आपल्या पणज्यांकडून आपल्याकडे काहीच आलं नसतं. त्यातल्या बहुतेकींना सही करता येत नव्हती, अंगठा उठवायच्या. तरी दारात आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय आपला हात राहत नाही. ते कुठून आलं?

मग लिहायचंच कशाला, असं तुम्ही म्हणाल. लिहायचं, जरूर लिहायचं. पण जे ते ऐकत आले ते कशाला? तुमच्याशिवाय ज्याला दुसरा साक्षीदार नाही, ते लिहा.

नातवाने सांगितलेली पद्धत नवी नाही. ज्यू लोकांमध्ये ती शेकडो वर्षांची आहे. हिब्रूत तिला 'त्सवाआ' म्हणतात. बाराव्या शतकात दक्षिण फ्रान्समधल्या ल्युनेल गावी यहुदा इब्न तिब्बोन नावाचे वैद्य होते. मूळचे स्पेनमधल्या ग्रनाडाचे. अरबी ग्रंथ हिब्रूत आणण्याचं मोठं काम त्यांनी केलं. त्यांनी मुलासाठी, सॅम्युएलसाठी, असं पत्र लिहून ठेवलं. ते वाचताना तुमची आठवण आली, रागावू नका. पानंच्या पानं तक्रार आहे. मी तुझ्यासाठी एवढी पुस्तकं जमवली, तू उघडून बघत नाहीस. तुझं अक्षर सुधारत नाही. अरबीकडे तुझं लक्ष नाही. आठशे वर्षांपूर्वीचा बाप आणि आजचा बाप यांत फरक एवढाच, की तेव्हा मोबाइलला नावं ठेवायची सोय नव्हती.

पण त्याच पत्रात मध्येच ते पुस्तकांविषयी बोलू लागतात आणि पत्राचा सूर बदलतो. हिब्रू पुस्तकं दर महिन्याला तपासून पाहा, अरबी दोन महिन्यांनी. कपाटांवर चांगलं कापड घाल. ओल आणि उंदीर यांच्यापासून जप. कोणाला पुस्तक दिलंस तर ते घराबाहेर पडण्याआधी टिपून ठेव आणि परत आलं की त्या नोंदीवर रेघ मार. वर्षातून दोन सणांना बाहेर गेलेली सगळी पुस्तकं परत मागव. पुस्तकांवर प्रेम कर, असा उपदेश यात नाही. तरी वाचणाऱ्याला त्या माणसाच्या घरातलं कपाट दिसतं, त्याचा हात दिसतो. आणि तो आळशी म्हणून बोलणी खाल्लेला सॅम्युएल? त्याने पुढे मायमोनिडीझ या थोर ज्यू तत्त्वज्ञाचा सर्वांत अवघड तत्त्वज्ञानाचा ग्रंथ अरबीतून हिब्रूत आणला. बोलण्यांमुळे आणला असं मला वाटत नाही. तो त्या कपाटाच्या घरात वाढला होता.

आमच्या घरचं सांगते. माझी आई चौथी शिकलेली. तिने आम्हा भावंडांना एक ओळ लिहून ठेवली नाही. ती गेल्यावर माळ्यावर तिच्या घरखर्चाच्या वह्या सापडल्या. दूध, रॉकेल, किराणा, वाणसामान. एका पानावर, कोथिंबिरीच्या खाली: 'धुण्याच्या बाईला, मुलीच्या फीसाठी १५०. मागायचे नाहीत.' आणि पुढच्या महिन्यात त्याच नावापुढे पगार पूर्ण. म्हणजे कापून घेतले नव्हते. त्या काळी आमच्या घरी दीडशे रुपये म्हणजे काय, ते मला माहीत आहे. ते पान मी लॅमिनेट करून ठेवलंय. आईने 'दान करावं, गाजावाजा करू नये' असं कलम लिहिलं असतं, तर मी ते पान ठेवलं नसतं.

हे मुद्दाम सांगते, कारण हा मजकूर वाचणाऱ्या कितीतरी जणी म्हणतील, 'आमच्याकडे काय आहे लिहिण्यासारखं?' तुमच्याकडे वह्या आहेत. लोणच्याच्या कृतीच्या कडेला कोणाकोणाला बरण्या द्यायच्या त्याची यादी आहे. तिथून सुरू करा.

आता तुमच्या सहा ओळींकडे येते.

तुमच्या मुलांना काय माहीत आहे, याचा विचार करा. आपले वडील सही करण्याआधी भर उन्हात कालव्याच्या कडेने टोकापर्यंत चालत जायचे, जीप असूनही. ठेकेदार वैतागायचे. तुम्ही लिहिलंय की हाताखालची माणसं तुम्हाला पाठीमागे 'पायी साहेब' म्हणायची आणि ते मुलांच्याही कानावर होतं. म्हणजे कृती त्यांना ठाऊक आहे. ती कुठून आली ते ठाऊक नाही. त्यांना वाटतं, बाबा मुळातच तसे. मुळातच तसा असलेला माणूस मुलांना फारसा उपयोगी नसतो. त्याच्याकडे मान वर करून बघता येतं, पण स्वतःचा पाय घसरला की त्याला फोन करावासा वाटत नाही. 'खोटी सही करू नका' हे तुमच्या मुलाला कोणीही सांगेल. 'मी एकदा केली, आणि मग मी काय केलं' हे त्याला फक्त तुम्हीच सांगू शकता. अशा सहीच्या समोर तो आपल्या नोकरीत कधीतरी बसेल, कदाचित बसूनही झाला असेल.

तरी 'लिहून टाका' एवढं सांगून मी मोकळी होणार नाही. उलट बाजूही आहे. काही कबुल्या मन हलकं करण्यासाठी असतात आणि वजन दुसऱ्याच्या डोक्यावर जातं. विशेषतः मेल्यानंतर उघडायच्या पाकिटातली कबुली. मुलगा ते वाचेल आणि त्याच्याकडे दहा प्रश्न असतील. आईला का नाही सांगितलंत? ती रक्कम कितीची होती? त्या चारीचं पुढे काय झालं? आणि उत्तर द्यायला समोर फक्त तुमचा फोटो असेल, हार घातलेला. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. हे आधी तोंडाने सांगा, नंतर लिहा. एका बैठकीत नको. गाडीत शेजारी बसलेले असताना सांगा, समोरासमोर डोळ्यांत बघायची सक्ती नसते तेव्हा. आमच्या पिढीच्या बापांना ते सोपं जातं असा माझा अनुभव आहे.

सांगताना दबाव, बदली, ऑपरेशन हे सगळं आलं पाहिजे, कारण ते खरं आहे. पण ते एकदाच येऊ द्या. तिसऱ्यांदा आलं की तो बचाव होतो. नुकसान कोणाचं झालं, हेही लिहा. तुमच्या सहा ओळींत दबाव आणणारे साहेब आहेत, ठेकेदार आहे, तुम्ही आहात. ज्यांच्या शेताला त्या चारीने पाणी मिळणार होतं, ते टेलचे, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाचे, शेतकरी मात्र नाहीत. त्यांना एक ओळ द्या. साहेबांचं आणि ठेकेदाराचं नाव लिहू नका. ती माणसं किंवा त्यांची मुलं-नातवंडं उत्तर द्यायला तुमच्या घरी येणार नाहीत, आणि हा कागद तुमच्या वागण्याचा आहे, त्यांच्या नाही. शिवाय लेखी कबुली हा शेवटी कागदच असतो. कायद्याची धास्ती वाटत असेल तर लिहिण्याआधी वकिलाशी अर्धा तास बोला. त्यात कमीपणा नाही.

आणखी एक जागा मला खटकली, तीही सांगते. बाविसावं कलम: 'माणसाला जातीवरून जोखू नये.' उत्तम आहे. पण तुमच्याच पत्रात चौथ्या पानावर आहे, की २००९ साली मुलीने आपल्या पसंतीने, जातीबाहेर लग्न केलं तेव्हा तुम्ही गेला नाहीत आणि तीन वर्षं तिच्याशी बोलला नाहीत. नात झाल्यावर फोन सुरू झाले. 'तो विषय पुन्हा कधी निघाला नाही' असं तुम्ही समाधानाने लिहिलंय. ती तुमची चौदा पानं वाचत वाचत बाविसाव्या कलमाशी पोचेल तेव्हा तिच्या मनात काय येईल? आपल्याकडे म्हण आहे, लोकां सांगे ब्रह्मज्ञान. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

कदाचित त्या तीन वर्षांनीच तुम्ही बदललात आणि म्हणूनच ते कलम आलं. तसं असेल तर ते कलम खोडा आणि 'मी तुझ्या लग्नाला यायला हवं होतं' एवढं एक वाक्य फोनवर म्हणा. कागदात ठेवू नका. माफी ही मागे ठेवून जायची वस्तू नाही. कॅनडातली वेळ बघून फोन लावा आणि एवढं म्हणून झालं की लगेच हवापाण्यावर येऊ नका. थोडं थांबा.

आता तुमचे विचारलेले प्रश्न. ते मी उगाच मागे ठेवले नव्हते. त्यांची उत्तरं सोपी आहेत.

जोडू नका. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५, याच्या कलम ६३ प्रमाणे मृत्युपत्राला तुमची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. म्हणजे मृत्युपत्र करणं वाटतं त्यापेक्षा सोपं आहे, आणि म्हणूनच नको तो कागद मृत्युपत्र असल्याचा दावा करणंही सोपं आहे. तुमचं एकतिसावं कलम म्हणतं, 'वडिलोपार्जित जमीन विकू नका.' वकिलाच्या कागदात ती जमीन तुम्ही दोघांना निम्मी निम्मी दिली आहे, कसलीही अट न घालता. हे दोन कागद एकत्र बांधले, त्यांतल्या दुसऱ्यावरही साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि तारीख नंतरची टाकली, तर उद्या एकाला विकायची असेल आणि दुसऱ्याला नसेल तेव्हा दोघांचे वकील खूश होतील. म्हणून विचारांच्या कागदात घर, जमीन, पैसा, दागिने यांचा उल्लेख नको. साक्षीदार नकोत. वरच लिहा: 'हे मृत्युपत्र नव्हे, हे पत्र आहे.' आणि ठेवा वेगळ्या पाकिटात.

अटीचं म्हणाल तर, सचोटीने वागला की नाही हे ठरवणार कोण? कोर्ट? सुनेचे भाऊ? मोघम अटी कायद्यापुढे टिकणं कठीण, पण ते वकील सांगतील. माझा आक्षेप वेगळा आहे. अट घातली की मुलं वागण्याचा नाही, वाट्याचा विचार करतात.

इथे कोणी जोतीराव फुल्यांचा दाखला देईल, आणि तो योग्य आहे. १८८७ साली केलेल्या त्यांच्या मृत्युपत्रात मालमत्तेच्या जोडीला त्यांचे विचारही आहेत. अंत्यविधी भटांकडून नकोत, हे आहे. आणि दत्तक मुलगा यशवंत शिकून लायक निघाला नाही, तर वारसा दुसऱ्या होतकरू मुलाकडे जावा, अशीही तजवीज आहे. पण यशवंत तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होता, त्याचं घडणं बाकी होतं. आणि लायकी ठरवायला फुल्यांच्या मागे सत्यशोधक समाजाची माणसं होती. यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंबरोबर रुग्णांची सेवा केली. तुमची मुलं चाळिशी ओलांडलेली आहेत. आता त्यांना अट कसली घालता?

त्यापेक्षा एक गोष्ट ऐका. सतराव्या शतकात हॅम्बुर्गमध्ये ग्लुकल नावाची एक ज्यू व्यापारीण होती. मोत्यांचा आणि दागिन्यांचा धंदा करायची, बारा मुलं वाढवलेली. १६८९ मध्ये नवरा गेला. रात्री झोप लागेना म्हणून दोनेक वर्षांनी तिने मुलांसाठी आपली हकीकत यिडिश भाषेत, म्हणजे तिथल्या ज्यूंच्या घरगुती बोलीत, लिहायला घेतली. सुरुवातीलाच सांगून टाकलं, की मी काही नीतीचं पुस्तक लिहीत नाही, तशी पुस्तकं ज्ञानी माणसांनी पुष्कळ लिहून ठेवलीत. आणि मग तिने ही गोष्ट सांगितली. एक पक्षी आपल्या तीन पिलांना एकेक करून समुद्रापार नेत होता. अर्ध्या वाटेत त्याने पहिल्याला विचारलं, मी म्हातारा झाल्यावर मला असंच वाहून नेशील का? पिलू म्हणालं, हो तर. पक्ष्याने 'खोटारडा' म्हणून त्याला पाण्यात सोडून दिलं. दुसऱ्याचंही तेच. तिसरं म्हणालं, तसं वचन मी देऊ शकत नाही. पण तुम्ही माझ्यासाठी करताय ते मी माझ्या पिलांसाठी करीन. ते तेवढं पलीकडे पोचलं.

गोष्ट निर्दय आहे. दोन पिलं बुडवणारा बाप मला पटत नाही, तुम्हालाही पटू नये. पण मागे, म्हणजे आपल्याकडे, परतफेड मागायची नाही, हे त्या बाईने तीनशे वर्षांपूर्वी बारा मुलांना लिहून दिलं, ते मला फार मोलाचं वाटतं. तुमच्या चौतिसाव्या आणि पस्तिसाव्या कलमांत, म्हातारपणी वडिलांशी कसं वागावं यावर एक पूर्ण पान आहे. बघा काय करायचं ते.

आता प्रत्यक्ष काय करा.

चौदा पानं फाडू नका. एक लाल पेन घ्या आणि प्रत्येक कलमासमोर लिहा, हे मला कोणी शिकवलं, किंवा हे मी कधी मोडलं. माणूस, जागा, साल. ज्या कलमासमोर काहीच सुचणार नाही ते कलम तुमचं नाही. ते शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारातून आलंय, खोडा. माझा अंदाज, पाच-सहा उरतील. त्या पाच-सहांची फक्त हकीकत ठेवा आणि वरचं कलम खोडा. 'कष्टाला पर्याय नाही' हे वाक्य गेलं आणि तुमच्या वडिलांनी १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या खडीवर काम करून तुमची फी भरली, ते राहिलं तर काय कमी झालं? ती हकीकत तुम्ही मला लिहिलीत दोन ओळींत आणि चौदा पानांत तिचा पत्ता नाही! वडिलांच्या हाताला फोड आले होते का, ते हातोडीच्या दांड्याला काय गुंडाळायचे, फीची रक्कम किती होती, हे तुमच्या नातवाला आणखी कोण सांगणार?

तीन-चार पानांच्या वर जाऊ नका. दोन्ही मुलांसाठी मजकूर एकच ठेवा. एकाला जास्त प्रेमाने आणि दुसऱ्याला जास्त शहाणपणाने लिहिलं, तर तुमच्या मागे ती दोघं कागद शेजारी ठेवून मोजतील. वाटणीचा वाद शब्दांवरूनही होतो. एकेकाला काही खास सांगायचं असेल तर ते आत्ताच, तोंडी. 'वचन द्या', 'शपथ आहे', 'माझ्या आत्म्याला शांती मिळणार नाही', असलं काही लिहू नका. पुढची परिस्थिती काय असेल ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि गेलेल्या माणसाने घातलेली शपथ कोणाकडे जाऊन सोडवून घ्यायची? घरातली इतरांची गुपितंही नकोत. ती तुमची नाहीत.

कॅनडातली नात मराठी बोलते पण देवनागरी वाचत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग तिच्यासाठी आवाज. फोनवर रेकॉर्डिंग करायचं, एका वेळी एक हकीकत, दहा मिनिटांची. मध्ये खोकला आला, कुकरची शिट्टी झाली, तर काढू नका. तुमचं अक्षर तिला चित्रासारखं दिसेल, आवाज मात्र कळेल.

ज्यांना लिहिणं जमत नाही, हात थरथरतो किंवा आजारपणामुळे बसवत नाही, अशांसाठी दुसरी वाट आहे. कॅनडातले मनोविकारतज्ज्ञ हार्वे चोचिनोव यांनी मृत्यूच्या जवळ पोचलेल्या रुग्णांसाठी मुलाखतीची एक पद्धत बसवली. २००५ मध्ये त्यांनी शंभर रुग्णांबरोबर केलेलं काम प्रसिद्ध झालं. आयुष्यातला कोणता काळ सर्वांत जिवंत वाटला, घरच्यांनी तुमच्याबद्दल काय लक्षात ठेवावं, असे मोजके प्रश्न विचारायचे, बोलणं रेकॉर्ड करायचं, ते लिहून काढून नीट करायचं. आणि मग, हे महत्त्वाचं, रुग्णाला ते पुन्हा वाचून दाखवायचं, म्हणजे 'हे काढा, ह्याने धाकट्याला वाईट वाटेल' असं त्याला म्हणता येतं. घरी हे कोणीही करू शकतं. फक्त प्रश्न विचारणारा शक्यतो मुलगा-मुलगी नसावा. नातू चालेल, भाची चालेल, शेजारी चालेल. मुलांसमोर आपण आईबापच होऊन बसतो.

शेवटच्या आजारपणातल्या इच्छाही या पत्रात घालू नका, म्हणजे व्हेंटिलेटर नको वगैरे. त्यासाठी तिसरा वेगळा कागद लागतो. २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची रीत सोपी झाली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. तो केलात तर उत्तम, पण त्याची प्रत मुलांकडे आणि डॉक्टरकडे हवी. तेराव्यानंतर सापडून उपयोग नाही.

पत्र द्यायचं कधी? पंचाहत्तरीच्या समारंभात माइकवर वाचायचं तुमच्या मनात आहे, असं दुसऱ्या पानावर दिसलं. कृपा करून नको. टाळ्या मिळतील आणि मुलगा पुन्हा चहा बघायला उठेल. साध्या दिवशी त्याच्या हातात द्या, 'सवडीने वाच' म्हणा आणि चहा तुम्ही टाका.

एक राहिलं. त्या शेतचारीचं पुढे काय झालं, ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. नंतर कोणी खोदली का? आज तिथे पाणी जातं का? तुमच्या गावापासून ती जागा फार लांब नसावी. मुलगा पुढच्या वेळी गाडी घेऊन येईल तेव्हा दोघांनी मिळून बघून या, टोकापर्यंत. आणि मलाही कळवा.